मुकादमाला सोबत

हाविर्झोव, २९ सप्टेंबर १९९६

प्रिय ओल्डाभावजी,

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असणार. तरीही फोडलंत, म्हणजे माझं निम्मं काम झालं. तुम्ही खुशाल असाल अशी आशा करते. तुमच्या यिहलावाला थंडी आमच्या आधी पोहोचते, तेव्हा माशांच्या टाक्यांना ऊब आणि स्वतःला दोन स्वेटर असंच चालू असेल. आम्ही दोघं बरे आहोत. ल्युबोशच्या छातीत खाणीची धूळ आहे ती आहेच. जिना चढताना दर मजल्यावर थांबतो आणि थांबलोय हे कळू नये म्हणून लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचतो. वीस वर्षं त्याच पाट्या आहेत.

पत्राचं कारण मासा आहे. हसू नका.

मुकादम अजून जिवंत आहे. होय, तोच. तुम्ही पाहिला होतात तेव्हा वीतभर होता, आता कोपरापासून मनगटापर्यंत भरेल. रंग गाजराचा, आणि कपाळावरचं टेंगूळ एवढं वाढलंय की ज्या खाणीतल्या मुकादमावरून ल्युबोशने हे नाव ठेवलं, तो देखणा वाटावा. बैठकीच्या खोलीतली सहा फुटी टाकी त्याची एकट्याची. मादी वसंतात गेली. कुणी मारली हे तुम्हाला सांगायला नको. या सिक्लिडांच्या जातीला आपल्या पाण्यात दुसऱ्याचा श्वास खपत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. पण ती गेल्यापासून हाच कोपऱ्यात पडून असतो. खात नाही, आणि उठला की काचेवर तोंड आपटतो. ल्युबोश समोर खुर्ची टाकून बसतो. ते दोघं एकमेकांकडे बघत असतात आणि मी त्या दोघांकडे.

गेल्या आठवड्यात मासे पाळणाऱ्यांच्या क्लबातला श्टेपान आला. ज्याला सगळं माहीत असतं तो. पिशवीत सहा छोटे मिशीवाले मासे, बोटाएवढे.

"वहिनी, एकटा पडलाय बिचारा. याला सोबत पाहिजे."

"बिचारा? अरे, बायको मारली त्याने."

"यांना चिलखत असतं हो. त्याची हिंमत नाही चावायची."

मुकादम चावला नाही, त्याने एकाला सरळ गिळलं. त्या इवल्याशा जिवाने जाता जाता अंगावरचे काटे ताठ केले आणि ते घशात रुतले. मुकादमाचं तोंड वासलेलं, आत शेपटी हलतेय, आणि श्टेपान नुसता "अरे बापरे, अरे बापरे" करतोय. ल्युबोशने ओल्या टॉवेलात मुकादमाला धरलं. त्याचे हात थरथरत होते, दम लागला होता, तरी "थांब रे शहाण्या, थांब जरा" असं त्याला समजावत होता. लग्न झालं त्या वर्षी माझ्याशी या आवाजात बोलायचा. मग वायर कापायची बारीक पक्कड मी घेतली. खाणीच्या दिव्यांच्या खोलीत मजुरांचे दिवे दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा, हात थरथरत नाही. दोन्ही काटे कापले आणि छोट्याला ओढून काढलं. छोटा मेला, बाकीचे पाच श्टेपानच्या पिशवीत परत गेले. मुकादम पाण्यात परत गेला आणि जरा वेळाने पुन्हा काचेवर तोंड आपटायला लागला.

ल्युबोश फरशीवरच बसून होता. म्हणाला, "ओल्डा असता तर हे घरात येऊच दिलं नसतं."

नऊ वर्षांत हे नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. श्टेपान माझ्याकडे बघायला लागला. मी टॉवेल पिळत बसले.

भावजी, मी काही विसरलेली नाही. तेव्हा तुम्ही इथेच शेजारी राहायचात; तुम्ही इस्पितळात पडलेले, तुमच्या टाक्या आमच्या भरवशावर. ल्युबोशची टाकी तडकली आणि त्याने मुकादमाला "एका रात्रीपुरतं" तुमच्या टाकीत सोडलं. तुम्ही इतकी वर्षं जपलेले मिशीवाले आणि त्यांची पहिलीवहिली पिल्लं, सकाळी पाण्यात कुणी नव्हतं. तुम्ही घरी येऊन विचारलंत तर हा म्हणाला, "मासेच होते ना." त्या वाक्याची माफी त्याने मागितली नाही. मी मागून उपयोग नाही, वाक्य माझं नव्हतं.

म्हणून माफी मागत नाही, सल्ला मागते. मिशीवाल्यांमधलं तुमच्याइतकं या देशात कुणाला कळत नाही. मुकादमाबरोबर कोण राहू शकेल? ज्याला तो मारणार नाही, आणि जो त्याला मारणार नाही. वसंतापर्यंत थांबण्यासारखं नाही. का ते आत्ता विचारू नका. हे पत्र मी लिहितेय हे ल्युबोशला माहीत नाही.

तुमची वहिनी,
क्वेता


हाविर्झोव, २० ऑक्टोबर

प्रिय भावजी,

पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा मी जिन्यातच फोडलं. चार ओळी येतील असं वाटलं होतं, आणि तुम्ही सहा पानं लिहिलीत! साडेपाच पानं माशांवर, अर्धं पान हवामानावर, आणि शेवटी एक ओळ: "वहिनी, हे तुम्ही का विचारता, तो का नाही?" तो विचारणार नाही म्हणून, भावजी. तुम्ही त्याच्याबरोबर एका खोलीत लहानाचे मोठे झालात. हे मी तुम्हाला सांगायचं का?

सगळं दोनदा वाचलं. श्टेपानला सांगितलं की घशात मावेल एवढा मिशीवाला म्हणजे दोघांचा जीव घेणं आहे. त्याने मान डोलावली आणि हे मला आधीपासून माहीत होतं म्हणाला. मग त्याने लालशेपट्या मिशीवाल्याचं नाव काढलं. तुमचं वाक्य मी त्याला जसंच्या तसं ऐकवलं: तो दोन वर्षांत मुकादमालाच गिळेल आणि नंतर टाकीला धडका देईल. लांब मिशा घेऊन दिवसाढवळ्या मिरवणारे नकोत, मुकादम त्यांच्या मिशा तोडून ठेवील. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा मोठा चालेल, पण तो उपाशी राहिला तर रात्री मुकादमाच्याच अंगाला चिकटून त्याची कातडी सोलेल. हे वाचून मला कसंतरी झालं. गरीब दिसतो आणि उपाशी ठेवला की अंगाला चिकटतो, अशी माणसं कॅन्टीनमध्ये पुष्कळ पाहिली.

मग तुम्ही लिहिलंत की अंगाने दणकट हवा, कातडी हाडाची हवी, भांडणात रस नसावा, टाकीच्या मधल्या जागेवर हक्क सांगू नये, आणि आपलं जेवण दिवे गेल्यावर जेवावं. शिवाय त्याला स्वतःची नळी हवी, जिच्यात मुकादमाचं डोकं शिरणार नाही. नळी मी मोजली. तळघरात मातीची जुनी आहे, ती तुम्ही सांगितल्या मापाची निघाली.

आणि त्या पुढचा परिच्छेद. तो मी जिन्यात वाचला नाही, वर येऊन दार लावून वाचला.

त्या रात्री सगळे गेले नव्हते, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. टाकी रिकामी करताना नळीत पाचर मारल्यासारखा तो पट्ट्यापट्ट्यांचा काटेरी मिशीवाला सापडला, शेपटीचं टोक गेलेलं, पण जिवंत. इथलं घर सोडून जाताना त्याला तुम्ही सुपाच्या भांड्यातून यिहलावाला नेलंत. आम्ही खिडकीतून बघत होतो, भावजी. ल्युबोश म्हणाला, सूप कशाला घेऊन चाललाय? त्या भांड्यात काय होतं ते मला आज कळलं.

मुकादमाबरोबर एक रात्र काढून जिवंत राहिलेला जगात एकच मासा आहे, आणि तो माझ्याकडे आहे, असं तुम्ही लिहिलंत. तो द्या असं मी म्हटलं नव्हतं. तुम्हीच म्हणालात. मी दोन दिवस विचार केला, नको म्हणावं असंही वाटलं. मग म्हटलं, माणूस आपण होऊन काही देतोय तर घ्यावं.

ओलोमोउत्सच्या रविवारच्या मासेबाजारात तो तुमच्याकडून घ्यायला श्टेपान येईल. जाळ्यात धरायचा नाही, काटे जाळ्यात गुंततात, डब्यातच हलवायचा, हे त्याच्याकडून पाठ करून घेतलंय. तुम्ही त्याच्याशी दोन शब्द बरे बोला. मूर्ख आहे, पण मनाचा चांगला आहे.

माझं म्हणाल तर ठीक. ओस्त्रावाला हल्ली तीनचारदा जावं लागलं, काही कामं असतात. तुम्ही दिलेला तो तपकिरी कोट अजून वापरते. सैल व्हायला लागला म्हणून बटणं आत घेतली. म्हातारपणी माणूस आटतो.

वहिनी


हाविर्झोव, १० नोव्हेंबर

प्रिय भावजी,

पाहुणा पोहोचला. श्टेपानने डबा मांडीवर घेऊन, वर आपली टोपी घालून आणला. गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, आत काय करकरतंय? तर हा म्हणाला, सासू. अशा माणसाबरोबर तुम्ही तुमचा मासा पाठवलात.

ल्युबोशला मी एवढंच सांगितलं की मिशीवाल्यांतल्या एका जाणकाराने सल्ला दिलाय आणि त्याप्रमाणे करायचं. कोण जाणकार ते त्याने विचारलं नाही. मुकादमाला बाहेर काढायचा, दगड सगळे हलवायचे, जुनी खूण एक ठेवायची नाही. नव्याला आधी सोडायचा, दोन दिवस त्याला आपली जागा शोधू द्यायची. मग जुना परत येईल तो पाहुणा म्हणून. ल्युबोशने ऐकून घेतलं. म्हणाला, "हे डोकं श्टेपानचं नव्हे."

मुकादमाची रवानगी बाथटबात झाली. उडी मारेल म्हणून वर इस्त्रीची फळी ठेवली. दोन दिवस आम्ही स्वयंपाकघरातल्या नळाखाली तोंडं धुतली. खालच्या होर्स्काबाई साखर मागायला आल्या आणि आत डोकावून म्हणाल्या, "यंदा नाताळला तळायचा कार्प मासा इतक्या लवकर टबात आणून ठेवलात? आणि तांबडा?" ल्युबोश म्हणाला, "गाजरं खाऊ घातलीत." बाई घरी गेल्या आणि नवऱ्याला सांगितलं. आता तो विचारतोय, चव कशी लागते.

त्यावरून आईंची आठवण निघाली. ती नाताळची संध्याकाळ, कार्प तळून झालेला, आणि माणसं मोजली तर पाच. विषम आकड्यात माणसं ताटावर बसली तर वर्षाच्या आत एक कमी होतं, म्हणून आईंनी ट्रामच्या थांब्यावर उभ्या असलेल्या कुणा परक्याला ओढून आणून सहावा बसवला. त्याने तुमच्यापेक्षा जास्त बटाट्याचं सॅलड खाल्लं. ल्युबोश त्यावरून आईंना शेवटपर्यंत चिडवत होता. तो हसला, भावजी. हसता हसता खोकला आला, पण हसला.

दगड मी उचलले. तो खुर्चीतून हुकूम सोडत होता. डावीकडे, अजून डावीकडे, बाई, तो भिंतीला टेकव. मधला मोठा दगड उचलला आणि मला टबाच्या काठावर जाऊन बसावं लागलं. तो उठून दारात आला.

"काय झालं?"

"दगड जड आहे."

"काल सगळी बटाट्याची पोती वर आणलीस."

"ते बटाटे होते."

 उरलेले दगड त्याने स्वतः हलवले, एकेका दगडाला थांबून.

मग डबा उघडला. हातात घेतल्याबरोबर काटेरी गंजलेल्या बिजागरीसारखा करकरायला लागला. हे मासे काटा खांद्याच्या खोबणीत घासून आवाज करतात, तुम्हीच आम्हाला दाखवलं होतंत. ल्युबोश वाकला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेपटीच्या टोकाची खाच बघितली.

"हा मेला नव्हता?"

"नाही."

"नऊ वर्षं सांगितलं का नाही त्याने?"

"तू विचारलंस?"

त्याने मासा पाण्यात सोडला. इतक्या हळू सोडला की पाणी हललंही नाही. काटेरी थेट नळीत गेला आणि तोंड बाहेर करून बसला. ल्युबोश संध्याकाळभर त्याच्यासमोर बसला होता. तुम्हाला हे कळावं असं मला वाटतं.

दोन दिवसांनी मुकादम परत टाकीत. आधी गोंधळला. आपला कोपरा शोधत गेला तर तिथे कोपरा नव्हता. काचेवर तोंड आपटायचं विसरला. नंतर नळी सापडली आणि मग काय विचारता! कल्ले फुगवून दिवसभर नळीभोवती फेऱ्या. तिसऱ्या दिवशी काटेरीच्या शेपटीचा आणखी एक तुकडा गेला. मी रडकुंडीला आले. ल्युबोश म्हणाला, येईल परत शेपटी, थांब. काटेरी नळीतून हलला नाही, भांडला नाही, पळालाही नाही. दिवे गेले की बाहेर येऊन मी टाकलेलं जेवायचा. गेल्या गुरुवारी सकाळी बघते तर मुकादम नळीच्या तोंडाशी झोपलेला, आतला आत, बाहेरचा बाहेर. आणि त्या दिवशी मुकादमाने माझ्या हातून गांडूळ घेतलं. आवडतात का ते एकमेकांना, मला माहीत नाही. राहतात.

आता मी घाई का केली ते लिहिते. शाई संपत आली म्हणून नवी दौत आणली, तोवर धीर जमा झाला.

ओस्त्रावाला मी कामाला जात नव्हते. माझ्या पोटात गाठ आहे. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की लगेच पोट उघडणार आहेत. डॉक्टर तरुण आहे, खोटं बोलता येत नाही त्याला. मी विचारलं, वसंतात बाल्कनीत टोमॅटो लावू का? तर तो कागद चाळत बसला. मला मरणाची भीती वाटते, भावजी, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त भीती वाटते ती त्या खुर्चीची. मी नसताना ल्युबोश त्या खुर्चीत बसेल आणि कुणाला दार उघडणार नाही. मुलगी कॅनडात. तिने बोलावलं तर तो विमानाला शिव्या देतो. घरी येणाऱ्या नर्सला त्याने एकदाच येऊ दिलं, दुसऱ्यांदा ती आली नाही. श्टेपानला तो गिळेल आणि श्टेपान घशात अडकेल.

मुकादमाला कोण चालेल हे मी विचारत होते तेव्हा खरं काय विचारत होते, ते तुम्हाला आता कळलं असेल. तुम्ही एकटे आहात, रेल्वेतून निवृत्त आहात, तुमच्या टाक्या इथे मावतात. तुम्ही येऊन राहा. माझ्यासाठी मागते.

क्वेता


हाविर्झोव, २४ नोव्हेंबर

प्रिय ओल्डाभावजी,

तुमचं उत्तर आलं. इतकं लहान पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं. "वहिनी, तुमच्यासाठी काहीही करीन, ऑपरेशनला येईन, इस्पितळात बसून राहीन. पण मी मिशीवाला मासा नाही. त्याने मला बोलावलेलं नाही."

रागावले नाही. एक दिवस रागावले, मग नाही.

तरीही मी मनात बेत केला. ल्युबोशची डोंगरातल्या आरोग्यधामाची पाळी एक डिसेंबरपासून आहे, तीन आठवडे, खाणीकडून दरवर्षी मिळते ती. तो घराबाहेर असताना तुम्ही यायचं. छोट्या खोलीतलं शिवणाचं मशीन मी बाहेर काढलं असतं, तिथे तुमच्या टाक्या. कपाट उलट्या भिंतीला, टेबल खिडकीपाशी, त्याची खुर्ची दुसरीकडे. तो परत येईल तेव्हा त्याचा कोपरा तिथे नसेल आणि तुम्ही आधीपासून असाल. माशाला जे केलं तेच. हसू आलं मला स्वतःचं, पण बेत पक्का केला होता.

काल ते पत्र लिहायला बसले. अर्धं लिहून झालं आणि हात थांबला. मासा बाथटबात घालता येतो. बेचाळीस वर्षं ज्याच्या बिछान्यात झोपले त्याला फसवून बाहेर काढायचं आणि घर बदलून टाकायचं, हे मला जमेना. दिव्यांच्या खोलीत मी खिडकीतून त्याला दिवा द्यायचे आणि पाळी संपली की परत घ्यायचे. उशीर झाला तरी मी खोटं कधी बोलले नाही त्याच्याशी, आणि तोही बोलला नाही. दिवा परत आला की माणूस वर आला.

म्हणून मी बैठकीच्या खोलीत गेले आणि त्याला म्हटलं, "टाकीकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ." आणि सगळं सांगितलं. गाठ, तारीख, टोमॅटो. तुम्हाला लिहिलेली पत्रं. तुमचं उत्तरही.

त्याने खुर्ची टाकीकडून माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "गाठीचं मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू टबावर बसलीस तेव्हापासून. बटाटे दगडापेक्षा जड असतात, क्वेता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." आणि त्याने माझा हात धरला. आमच्यात असं फारसं होत नाही. त्याचा हात थंड होता. मी रडले, तो रडला नाही, पण त्याला दम लागला आणि बराच वेळ गेला नाही.

मग मी म्हटलं, "ओल्डाला तू बोलवायला हवंस. तो तेच म्हणतो."

"तो येणार नाही."

"का?"

"मी काय बोललो होतो ते तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. त्या काटेरीलाही माहीत आहे. तो आला की नाही?"

तो टाकीकडे बघत राहिला. मुकादम मधोमध, कल्ले मिटलेले. काटेरीची मिशी नळीबाहेर. बाहेर बस गेली तशी काच जराशी थरथरली.

"कागद दे," म्हणाला. मग, "नको. तुझं पत्र आधी लिही. खाली जागा ठेव. माझं लांब नाही."

म्हणून जागा ठेवते. त्याने काय लिहिलं ते मी वाचणार नाही, पाकीट तोच चिकटवेल. एवढंच माझ्याकडून, भावजी: तुम्ही आलात तर ती छोटी खोली पूर्वेकडची आहे, सकाळी ऊन येतं. शिवणाचं मशीन मी काढून ठेवलंय. नाही आलात तरी मशीन परत आत जाणार नाही.

लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही सोळा वर्षांचे होतात आणि बादलीत बेडूक घेऊन मला दाखवायला आला होतात. त्या दिवसापासून तुम्ही माझे भाऊ आहात.

तुमचीच,
क्वेता

ओल्डा,

तिने लिहिलेलं मला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबली, म्हणून शेवट मीच वाचला.

मला बाथटबात घालायची गरज नाही. मी एक तारखेला आपणहून जातो. मी परत यायच्या आधी तू ये. कपाट हलव, टेबल हलव, माझी खुर्ची फेकलीस तरी चालेल. परत आल्यावर मी काही दिवस फेऱ्या मारीन, तोंडही टाकीन. तुला माहीत आहे मी कसा आहे. तू नळीत बस आणि थांब.

तिच्याबरोबर इस्पितळात तू जा. तिथला जिना मला झेपत नाही, आणि तिने तो एकटीने चढायला नको. हे ती मागत नाही, मी मागतोय.

नाताळच्या संध्याकाळी मी श्टेपानलाही बोलावलंय. म्हणजे चौघं होतो. मी असलं काही मानत नाही, आईला किती चिडवायचो तुला ठाऊक आहे. पण यंदा तिघं नकोत.

काटेरीची शेपटी भरून येतेय.

ते नुसते मासे नव्हते, ओल्डा.

ल्युबोश